उजव्या पानावरचं खरं

वृंदाताई गद्रे दर शनिवारी गुरुग्रामहून मेट्रोने आयएनएला उतरतात आणि तिथून पायी लक्ष्मीबाई नगर या सरकारी वसाहतीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलवर येतात. मुलांचा मराठीचा वर्ग साडेचारला सुरू होतो. चार वाजता ताई सतरंज्या अंथरत असतात. मंडळाचा चिटणीस म्हणून हॉलची किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे हे मी खात्रीने सांगू शकतो. बावीस वर्षांत मी उशिरा पोचलो आणि त्या पायरीवर बसलेल्या होत्या, असं पाच-सहा वेळा झालं. त्या उशिरा आल्या असं एकदाही झालं नाही.

लग्न होऊन पुण्याहून दिल्लीत आल्याला त्यांना सदतीस वर्षं झाली. यजमान अंशुमन गद्रे खाजगी कंपनीत होते. घर नेहमी कंपनीचं किंवा स्वतःचं. सध्या एका सोसायटीत चौदाव्या मजल्यावर. हा तपशील मुद्दाम देतो आहे, कारण पुढे जे घडलं ते ताई कधी सरकारी क्वार्टरमध्ये राहिल्या नव्हत्या म्हणून घडलं.

त्यांची शिकवायची एक पद्धत आहे. धडा वाचून झाला की मुलांनी वहीच्या डाव्या पानावर गोष्टीत काय झालं ते लिहायचं, आणि उजव्या पानावर त्यावरून स्वतःचं काय आठवलं ते. डाव्या पानावरच्या चुका ताई काढतात. उजव्या पानावर काढत नाहीत. तिथे पेन्सिलीने फक्त एखादा प्रश्न विचारतात. ‘मग आजी काय म्हणाली?’ एवढाच. उजव्या पानाचे नियम दोन. खोटं लिहायचं नाही, आणि मुलाला विचारल्याशिवाय ते पान ताई कुणाला दाखवणार नाहीत. आमची मुलं दिल्लीत वाढलेली, बादलीला बाल्टी म्हणणारी, पण उजवं पान भरून लिहितात. मी कॉमर्सचा माणूस. मला हे सुरुवातीला जरा मोकाट वाटायचं. एकदा विचारलं, “ताई, याला मार्क कसे देता?”

“देत नाही हो, सेक्रेटरी. तुम्ही तुमच्या आयुष्याला किती देता?”

पुन्हा विचारलं नाही.

या जानेवारीत त्यांनी एक गोष्ट वाचून दाखवली. नदीवर पूल होतो, नावेने कुणी जाईनासं होतं, तरी म्हातारा नावाडी रोज सकाळी नाव धुतो. मुलांना प्रश्न दिला : तुमच्या घरी असं काय आहे, जे वापरात नाही पण ज्याची निगा राखली जाते? त्यातले बारा निबंध मंडळाच्या वार्षिक स्पर्धेत गेले. परीक्षक तीन. निबंधांवर नावं नव्हती, फक्त क्रमांक. तिन्ही परीक्षकांनी सात नंबरला पहिलं ठरवलं. तो फेब्रुवारीतल्या वार्षिक दिवशी, रविवारी, मुलीने स्टेजवर वाचायचा होता आणि स्मरणिकेत छापायचा होता.

सोमवारी दुपारी स्मरणिकेचं प्रूफ माझ्याकडे आलं. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी ते वाचायला घेतलं. लेखिका शिवांगी, इयत्ता सातवी, लक्ष्मीबाई नगर. तिचा निबंध असा होता :

‘आमच्याकडे मामाचे दोन शर्ट आहेत. ते मी बुधवारी आणि रविवारी बाल्टीत भिजवते. ते बिल्कुल मळलेले नसतात, कारण मामा इथे राहत नाही. तो मामी आणि इशितासोबत गुरुग्रामला राहतो. तिथे लिफ्ट आहे. शर्ट पुढच्या बाजूला वाळत घालायचे, मागे नाही. आई म्हणते, म्हणजे मामा घर विसरणार नाही. दारात त्याच्या चपला पण असतात. दारावर मामाच्या नावाची पाटी आहे, ती मी पुसते. मागच्या वर्षी निळ्या शर्टाचा रंग उडाला, मग मामाने नवीन आणून दिला. तो पण कुणी घातला नाही. नावाड्याला माहीत होतं की कुणी येणार नाही. मला पण माहीत आहे. पण नाव धुताना नावाड्याला बरं वाटत असेल. मला पण शर्ट झटकताना बरं वाटतं, कारण शेजारचे काका विचारतात, मामा आए हैं क्या? आणि मी मान हलवते.’

डबा तसाच ठेवून मी बाहेर जिन्यात गेलो आणि ताईंना फोन लावला.

“वाचलंत?” त्या उत्साहाने म्हणाल्या. “काय पोर आहे! नसलेल्या माणसाला असं उभं करणं बारा वर्षांच्या मुलीला कसं सुचलं असेल?”

“सुचलेलं नाही, ताई. हा पुरावा आहे.”

“कशाचा?”

मी त्यांना समजावून सांगितलं. सरकारी क्वार्टर ज्याच्या नावावर मिळतं, त्याने स्वतः तिथे राहायचं असतं. बहीण, भाची त्याच्याबरोबर राहू शकतात, त्याच्याऐवजी नाही. तो स्वतःच्या घरी निघून गेला आणि क्वार्टर दुसऱ्याला देऊन ठेवलं, तर अलॉटमेंट रद्द होते, दंड बसतो, वर खात्याची चौकशी. शर्ट, चपला, पाटी हे सगळं तपासणीला येणाऱ्या माणसासाठी आहे. पोरीला आईने वेगळं सांगितलं असेल. पण लक्ष्मीबाई नगरातला कुणीही माणूस तिसऱ्या ओळीला ओळखेल.



“मी तिला विचारलं होतं,” ताई म्हणाल्या. “हे सगळ्यांना दाखवू का म्हणून. केवढी खूश झाली होती. हो म्हणाली.”

“ती हो म्हणाली, पण कशाला हो म्हणाली हे तिला कुठे माहीत होतं?”

“आणि मलाही नाही.” मग एकदम आवाज बदलला. “अहो, राजीवनी तो वाचलाय.”

राजीव सबनीस हे आमचे तिसरे परीक्षक. राहायला सरोजिनी नगर, नोकरी क्वार्टर-वाटपाच्या खात्यात, आणि तपासणीच्या याद्या त्यांच्याच टेबलावरून निघतात. त्यांनी या निबंधाला वीसपैकी एकोणीस दिले होते.

“शनिवारी त्यांचा फोन आला होता,” ताई म्हणाल्या. “सात नंबरचं नाव काय म्हणून. मला वाटलं कौतुकाने विचारतायत. म्हटलं, रविवारी स्टेजवरच कळेल.”

मी प्रेसला फोन करून ते पान थांबवलं. छपाई दुसऱ्या दिवशी होती, म्हणून जमलं. पण राजीवरावांच्या डोक्यातलं पान थांबवायची सोय नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही दोघं शिवांगीच्या घरी गेलो. तिची आई चेतना डोळ्यांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. नवऱ्यापासून वेगळी होऊन पाच वर्षांपूर्वी नागपूरहून भावाकडे आली, आणि भाऊ सुजय दोन वर्षांनी आपल्या फ्लॅटवर गेला. तळमजल्याचं क्वार्टर, समोर जांभळाचं झाड. दोरीवर रविवारचे दोन शर्ट अजून होते. मी इतकी वर्षं त्या रस्त्याने जातो, ते मलाही कधी दिसले नव्हते.

चेतनाने निबंध उभ्याउभ्याच वाचला. एकदा वाचून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. शिवांगी आतल्या दाराशी येऊन उभी राहिली होती, बक्षिसाची बातमी आईला आता कळणार या आनंदात.

“किती जणांनी वाचलंय?” चेतनाने विचारलं.

“तीन परीक्षक, मी आणि हे,” ताई म्हणाल्या. “छापलं जाणार नाही. पण परीक्षकांत राजीव सबनीस आहेत.”

चेतना खुर्चीवर बसली. “ताई, तुमच्यावर विश्वास ठेवून मी पोरीला पाठवत होते. मराठी शिकेल म्हणून. तुम्ही तिच्याकडून घरातलं काढून घेतलंत आणि त्याला नंबर दिलात?”

“माझी चूक झाली.”

“चूक? सुजयची नोकरी आहे! आणि आम्ही दोघी जायचं कुठे?”

“आई, मी काही गलत लिहिलं का?” शिवांगीने विचारलं.

“नाही,” चेतना म्हणाली. “गलत नाही लिहिलंस. तू आत जा.”

शिवांगी आत गेली नाही. मागे सरकून पडद्याजवळ उभी राहिली.

चेतनाने आवाज खाली आणला. “एक करा. सबनीस साहेबांना सांगा, हे काल्पनिक आहे. पोरीने मनाने रचलंय. लेखक लोक रचतातच की. तुम्ही सांगितलंत तर ते मानतील, हे काकाच नाही का म्हणत, ताईंचा शब्द म्हणजे शब्द. एवढंच करा. मी दुसरं काही मागत नाही.”

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. पोर ऐकत होती. मला वाटलं त्या हो म्हणतील. खरं सांगायचं तर त्यांनी हो म्हणावं असं मला वाटत होतं. मी स्वतः सरकारी नोकर, निवृत्तीला चौदा महिने आहेत, आणि नियम मोडलेला माहीत असून गप्प बसलेल्या माणसांत आता मीही धरला जाणार होतो. काल्पनिक म्हटलं की सगळेच सुटत होते.

“उद्यापर्यंत वेळ द्या,” ताई म्हणाल्या.

“उद्यापर्यंत त्यांनी लिस्ट काढली तर?”



आयएनएपर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. जिन्यापाशी मी म्हणालो, “ताई, एक वाक्य आहे फक्त.”

“हो ना,” त्या म्हणाल्या. “तेच मोजतेय केव्हापासून.”

बुधवारी सहा वाजता कार्यक्रमाच्या तयारीची बैठक होती. राजीवराव पावणेसहालाच आले. हॉलमध्ये तेव्हा ताई आणि मी दोघंच होतो, खुर्च्या मांडत. राजीवराव तसे गप्पिष्ट. आल्या आल्या चहाची चौकशी करणारे. त्या दिवशी स्कूटरची किल्ली हातातच धरून उभे राहिले.

“ताई, सात नंबरचं नाव हवंय.”

“नावं परीक्षकांना सांगायची नाहीत, असं आपणच ठरवलंय.”

“निकाल लागलाय. आता मी परीक्षक म्हणून नाही विचारत.”

“मग मी शिक्षिका म्हणून नाही सांगत.”

राजीवराव माझ्याकडे वळले. “साहेब, तुम्ही तरी समजवा यार यांना. तुम्ही सरकारी माणूस आहात. माझ्या टेबलावर अर्ज पडलेत. आमच्याच सेक्शनची देवयानी अकरा वर्षं थांबलीय, सासू अंथरुणाला खिळलेली, तिकडे लांब बुराडीहून रोज येते. आणि इथे लोक शर्ट वाळत घालून क्वार्टर अडवून बसतात. मला राग नाही येणार?”

“येणारच,” मी म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

“एकोणीस मार्क दिले मी. रडू आलं वाचताना. घरी बायकोला वाचून दाखवलं. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसलो तेव्हा लक्षात आलं, आपण काय वाचलंय.” ते खुर्चीवर टेकले. किल्लीने गुडघ्यावर टकटक करत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “ताई, माझं काम सोपं करा. हे कल्पनेने लिहिलंय, एवढं म्हणा. निबंधच आहे. मुलं लिहितात काहीही. तुम्ही म्हणालात की मी विषय सोडला. नाव पण नको मला.”

म्हणजे चेतनाने जे मागितलं होतं तेच आता समोरून येत होतं. मी हातातली खुर्ची खाली ठेवली. बाहेर लोकांची चाहूल लागली होती. दोन मिनिटांत बैठकीची मंडळी आत आली असती. राजीवराव वाट बघत होते. मीही.

“नाही,” ताई म्हणाल्या. “खरं आहे ते.”

राजीवराव उठून उभे राहिले. “ताई, मी तुम्हाला वाट करून देतोय!”

“कळतंय मला. पण गेली बावीस वर्षं मी पोरांना सांगतेय, तिथे खोटं लिहायचं नाही. एका पोरीने मानलं. आता तिला काय सांगू? तुझ्या खऱ्याला मी खोटं म्हणून आले?”

“आणि तिचं घर गेलं तर?”

“ते माझ्यामुळे जाईल. तुमच्यामुळे नाही आणि तिच्यामुळे तर नाहीच.”

“वा! म्हणजे कागद मी काढायचा आणि पाप तुम्ही घ्यायचं. छान वाटणी आहे.” राजीवरावांचा चेहरा लाल झाला होता. “मी विचारलंच नसतं तर बरं झालं असतं. आता मला कळलंय. ऐकलंय मी.” ते दाराकडे गेले, परत आले. “ऐका. लक्ष्मीबाई नगरची तपासणी पुढच्या महिन्यात दहा तारखेपासून आहे. ही यादी जानेवारीतच निघालीय, या निबंधाशी तिचा काही संबंध नाही. त्याआधी कुणी क्वार्टर आपणहून परत केलं, तर तो साधा अर्ज असतो. दहा तारखेनंतर तो गुन्हा असतो. मी एवढंच बोललो. आणि हे मी सगळ्यांनाच सांगतो.”

बैठकीला ते थांबले नाहीत.

ताई बैठकीतून लवकर उठल्या आणि एकट्या चेतनाकडे गेल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी दोन वाक्यांत सांगितलं. सगळं जसं झालं तसं सांगितलं, आणि चेतनाने दार लावून घेतलं.

शुक्रवारी सुजयचा फोन आला, ताईंना नाही, मला. “काका, तुमच्या त्या मॅडमना एक वाक्य बोलता येत नव्हतं? बोलायला काय जात होतं त्यांचं? चौदाव्या मजल्यावर राहतात आणि आम्हाला सत्य शिकवतात!”

मी म्हणालो, “सुजय, तुझा फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे?”

तो म्हणाला, “दीदीचं काय करू मी? मिसेस म्हणते, दोन बेडरूममध्ये कसं होणार.”

हे वाक्य म्हणजे सगळ्या प्रकरणाचं मूळ होतं, असं मला तेव्हा वाटलं. पण ते त्याला सांगून उपयोग नव्हता. मी त्याला अर्जाचा नमुना कुठे मिळतो ते सांगितलं आणि दहा तारीख पुन्हा एकदा सांगितली.

रविवारी कार्यक्रम झाला. निबंधाचं बक्षीस जाहीर करायची वेळ आली तेव्हा ताई स्वतः माइकवर गेल्या. म्हणाल्या, “पहिल्या नंबरचा निबंध आज वाचला जाणार नाही. तो वाचायला देण्याआधी मी जेवढं विचारायला हवं होतं तेवढं विचारलं नाही. चूक माझी आहे. बक्षीस तिच्या घरी पोचेल.” हॉलमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, “कॉपी केली असेल.” ताईंनी ते ऐकलं आणि परत माइकवर गेल्या. “कॉपी नाही. सगळं तिचं स्वतःचं आहे.” पहिल्या रांगेत राजीवरावांची खुर्ची रिकामी होती. शिवांगी आली नव्हती.

सुजयने अर्ज केला तो चार मार्चला. पंधरा दिवसांत ताबा द्यायचा होता. चेतनाने लांबच्या एका वस्तीत खोली पाहिली, दुसऱ्या मजल्यावर, दवाखान्यापासून बसने चाळीस मिनिटं.

सामान हलवायच्या दिवशी मी सकाळी गेलो. ताई आधीच पोचल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, मलाही नाही. टेम्पो दारात उभा होता. चेतना आतबाहेर करत होती आणि ताईंकडे बघत नव्हती. ताई पायरीच्या कडेला उभ्या. असं दहा-पंधरा मिनिटं चाललं. शिवांगीने आईकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि भांड्यांचा डबा घेऊन टेम्पोत जाऊन बसली.

शेवटी चेतना गादीची वळकटी घेऊन बाहेर आली आणि एकटीला ती पेलेना. ताईंनी दुसरं टोक धरलं. चेतनाने धरू दिलं. टेम्पोत टाकून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं.

“ताई, ते वाक्य बोलला असतात तर?”

“तर तुम्ही आज इथेच असता.”

“दहा तारखेला पकडले गेलो असतो, असं काकांचं म्हणणं आहे.”

“कदाचित. कदाचित नाही. तीन वर्षं कुठे पकडले गेला होतात? मी ते हिशेबात धरत नाही.”

चेतनाने मान हलवली. ताई एखादी सबब पुढे करतील असं तिला वाटलं असावं. तिने ती ऐकून घेतली नसती. ताईंनी ते वाक्य बोलायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रात्री झोपताना वाटतं ताईंचं बरोबर होतं, आणि सकाळी त्या क्वार्टरवरून ऑफिसला जाताना वाटतं की एका पोरीला सध्या रोज दोन बस बदलून शाळेत जावं लागतं.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. “मॅडम, चलो, आगे जाम लगेगा.”

चेतना पुढे चढली. मग काचेतून वाकून म्हणाली, “शनिवारी पाठवीन तिला. मराठी सुटायला नको. पण वही घरी राहील, ताई. लिहील ते मी आधी वाचेन.”

“वाचा,” ताई म्हणाल्या. “आणि मला दाखवायचं नसलं तर नका दाखवू.”

“नाहीच दाखवणार,” चेतना म्हणाली, आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.